प्रिया तेंडुलकर

प्रिया तेंडुलकर (जन्म : १९ ऑक्टोबर १९५४, मृत्यू : मुंबई, १९ सप्टेंबर २००२) या मराठी व हिंदी अभिनेत्री, दूरचित्रवाणीवरील चर्चा कार्यक्रमांच्या सूत्रसंचालक आणि मराठी लेखिका होत्या. १९८५ मध्ये दूरदर्शनवर प्रसारित झालेल्या ‘रजनी’ या हिंदी मालिकेतील शीर्षकभूमिकेमुळे त्या देशभर ओळखल्या जाऊ लागल्या. अन्यायाची किंवा बेफिकिरीची दखल घेऊन संबंधितांना जाब विचारणारी मध्यमवर्गीय गृहिणी, असे त्या भूमिकेचे स्वरूप होते. भारतीय दूरचित्रवाणीच्या सुरुवातीच्या काळात एखादी व्यक्तिरेखा आणि ती साकारणारी कलावंत यांच्यातील सीमारेषा प्रेक्षकांच्या मनात पुसली जाण्याची जी मोजकी उदाहरणे सांगता येतील, त्यांत ‘रजनी’चे स्थान फार वरचे आहे. नाटककार विजय तेंडुलकर हे त्यांचे वडील.

कौटुंबिक पार्श्वभूमी

प्रिया यांचे बालपण मुंबईत गेले. विजय तेंडुलकर त्या काळात वृत्तपत्रांतून लेखन करीत होते आणि नाटककार म्हणून त्यांचे नाव हळूहळू प्रस्थापित होत होते. १९६७ मध्ये ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आले, तेव्हा प्रिया शाळेत होत्या. पुढच्या पाच वर्षांत ‘गिधाडे’, ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकांनी महाराष्ट्रात मोठी वादळे उठवली. ‘सखाराम बाइंडर’चा संघर्ष नाट्यपरिनिरीक्षण मंडळापासून न्यायालयापर्यंत गेला. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग डिसेंबर १९७२ मध्ये झाला व त्यावरील वाद पुढे अनेक वर्षे चालू राहिला. प्रिया तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. लिहिलेल्या किंवा उच्चारलेल्या शब्दाची किंमत मोजावी लागते, याचा प्रत्यय त्यांना घरातच आला होता, असे म्हणता येते.

वडिलांच्या नावामुळे नाटक-चित्रपटांच्या वर्तुळात त्यांची ओळख आपोआप झाली. उपजीविकेसाठी मात्र त्यांनी निरनिराळ्या नोकऱ्या केल्या. पंचतारांकित हॉटेलात स्वागतिका, हवाई सुंदरी, अधूनमधून जाहिरातींसाठी मॉडेल आणि दूरचित्रवाणीवर वृत्तनिवेदिका अशी कामे त्यांनी तरुणपणी केली. मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने यांतील हॉटेलची नोकरी महत्त्वाची ठरली. तिचा उल्लेख पुढे लेखनाच्या विभागात आला आहे.

रंगभूमी

शाळकरी वयात प्रिया यांना गिरीश कर्नाड यांच्या ‘हयवदन’ या नाटकात बाहुलीची भूमिका मिळाली. नाटकात दोन बाहुल्या आहेत. दुसऱ्या बाहुलीच्या भूमिकेत कल्पना लाजमी होत्या; त्या पुढे चित्रपट दिग्दर्शिका म्हणून प्रसिद्ध झाल्या. देवदत्त आपल्या होणाऱ्या अपत्यासाठी जत्रेतून या बाहुल्या आणतो. घरातल्या माणसांना त्यांचे बोलणे ऐकू जात नाही, प्रेक्षकांना मात्र जाते. आणि देवदत्ताच्या शरीरात होत चाललेला बदल, पद्मिनीच्या स्वप्नांत येणारा परपुरुष या गोष्टी प्रेक्षकांना कळतात त्या या बाहुल्यांच्याच तोंडून. भूमिका लहान, पण नाटकाच्या रचनेत अत्यावश्यक. घरात राहून घराकडे बाहेरच्या नजरेने पाहणारी अशीच एक विलक्षण भूमिका त्यांच्या वाट्याला सुमारे पंचवीस वर्षांनी दूरचित्रवाणीवर आली, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

नंतर त्यांनी मराठी नाटकांतून भूमिका केल्या. तथापि रंगभूमी हे त्यांचे मुख्य क्षेत्र झाले नाही.

चित्रपट

श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’ (१९७४) या पहिल्या कथाचित्रपटातून प्रिया तेंडुलकर यांनी चित्रपटसृष्टीत प्रवेश केला. शबाना आझमी आणि अनंत नाग यांचेही हे हिंदी चित्रपटातील पदार्पण. जमीनदाराचा मुलगा सूर्या गावी शेतीवर राहायला येतो आणि तेथे काम करणाऱ्या लक्ष्मीशी त्याचे संबंध जुळतात. सूर्याची वयाने लहान असलेली पत्नी सरोज चित्रपटात उशिरा येते. ही भूमिका प्रिया यांनी केली. सरोज घरात पाऊल ठेवते, काय चालले आहे याचा तिला अंदाज येतो आणि लक्ष्मीचा त्या घरातील आसरा संपतो. मालकिणीचा अधिकार आणि कोवळ्या वयाची असुरक्षितता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दाखवणे या भूमिकेत आवश्यक होते. चित्रपटावर शबाना आझमी यांच्या लक्ष्मीचा ठसा इतका खोल आहे की सरोजची चर्चा क्वचितच होते. पण कथेला वळण देणारी ती एक महत्त्वाची व्यक्तिरेखा आहे.

१९८० मध्ये ‘मिंचिना ओटा’ या कन्नड चित्रपटात त्या नायिका होत्या. शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट; त्यात अनंत नागही होते. नाग बंधूंची जडणघडण मुंबईच्या बहुभाषिक रंगभूमीवर झाली होती आणि मराठी नाट्यवर्तुळाशी त्यांचा निकटचा संबंध होता. हेच शंकर नाग पुढे दूरदर्शनच्या ‘मालगुडी डेज’ या मालिकेचे दिग्दर्शक झाले.

याच सुमारास आणि नंतर काही वर्षे त्यांनी मराठी कौटुंबिक व विनोदी चित्रपटांत कामे केली. अशोक सराफ, रवींद्र महाजनी, महेश कोठारे हे त्यांचे सहकलाकार होते. तीस वर्षांच्या होईपर्यंत त्यांच्या नावावर तीन भाषांतील चित्रपट जमा होते. परंतु ज्या भूमिकेने ओळख ठरावी अशी भूमिका त्यांच्या वाट्याला आलेली नव्हती.

दूरदर्शनचा काळ

‘रजनी’चे यश समजण्यासाठी १९८५ मधील दूरचित्रवाणी कशी होती, हे ध्यानात घ्यावे लागते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीत झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांमुळे दूरचित्रवाणी संचांची मागणी एकदम वाढली. ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. हिंदीतील प्रायोजित दीर्घ मालिकांचा काळ तेथून मोजला जातो. पाठोपाठ ‘ये जो है जिंदगी’ ही विनोदी मालिका आली. खासगी उपग्रह वाहिन्या यायला अजून सात-आठ वर्षे होती. त्यामुळे दूरदर्शनवर जे दिसे, ते जवळजवळ सगळा देश एकाच वेळी पाही आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत, लोकलमध्ये, नळावर त्याचीच चर्चा होई. चाळीत किंवा वाडीत एकाच घरी संच असे आणि शेजारपाजारची मंडळी तेथे जमत. अशा सामूहिक प्रेक्षकवर्गासमोर ‘रजनी’ आली.

रजनी

‘रजनी’ या मालिकेचे दिग्दर्शन बासू चॅटर्जी यांनी केले. ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’, ‘बातों बातों में’ अशा चित्रपटांतून त्यांनी शहरी नोकरदार मध्यमवर्गाचे जग पडद्यावर आणले होते. बसथांबा, लोकलचा डबा, भाड्याची जागा, पगाराची तारीख हे त्या जगाचे तपशील त्यांच्या हातचे होते. मालिकेत रजनीच्या पतीची भूमिका करण राजदान यांनी केली; लेखनातही त्यांचा सहभाग होता.

मालिकेची रचना सोपी होती. प्रत्येक भागाची कथा बहुतांशी स्वतंत्र असे. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर, भाडे नाकारणारे टॅक्सीचालक, टेलिफोन खात्याचा कारभार, मुलांच्या शाळेचा प्रश्न असे रोजच्या जगण्यातील विषय असत. रजनीला त्या प्रश्नाची झळ लागते किंवा शेजारणीला लागलेली दिसते. इतर जण ‘चालायचेच’ म्हणून सोडून देतात, रजनी सोडत नाही. ती संबंधित माणसाकडे जाते, नियम विचारते, वरिष्ठाचे नाव मागते, गरज पडली तर इतरांना गोळा करते. अर्ध्या तासाच्या आत प्रश्नाचा निकाल लागतो.

आज हे बाळबोध वाटण्याचा संभव आहे, आणि काही अंशी ते तसे होतेही. प्रत्यक्षातला कोणताही प्रश्न अर्ध्या तासात सुटत नव्हता. टेलिफोनच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहावे लागे. गॅसची जोडणीही सहज मिळत नसे. दुचाकीसाठी नोंदणी करून वाट पाहावी लागे. वस्तूंचा तुटवडा असल्यामुळे विकणारा वरचढ आणि घेणारा याचक, असा व्यवहार रूढ झाला होता. सरकारी खिडकी असो वा खासगी दुकान, ग्राहकाने आवाज चढवणे हे उद्धटपणाचे मानले जाई. या पार्श्वभूमीवर साडी नेसलेली एक गृहिणी सरळ काउंटरवर जाऊन ‘का?’ असे विचारते, हे दृश्यच प्रेक्षकांना नवे आणि समाधान देणारे होते.

भूमिकेतील अभिनयाचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. रजनी सतत बोलते, भांडते, दुसऱ्यांच्या भानगडीत पडते. वाईट हाती पडली असती, तर ही व्यक्तिरेखा कजाग तरी वाटली असती किंवा प्रचारकी तरी. प्रिया तेंडुलकर यांनी तिला खेळकर ठेवले. समोरच्याला कोंडीत पकडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर येणारे हसू, प्रश्न विचारण्यापूर्वी घेतलेला क्षणभराचा विराम आणि न चिडता एकच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडण्याची चिकाटी यांमुळे रजनी आपल्या ओळखीची वाटे. त्यांच्या हिंदीत मुंबईचे वळण होते आणि ते या भूमिकेला शोभून दिसले.

टॅक्सीचालकांचा निषेध

प्रवाशांना नकार देणाऱ्या टॅक्सीचालकांवरील भाग प्रसारित झाल्यानंतर मुंबईतील टॅक्सीचालक संतप्त झाले. आपल्या व्यवसायाची बदनामी झाल्याचे सांगत त्यांनी दूरदर्शनकडे जाऊन निषेध नोंदवला. या घटनेची वृत्तपत्रांनी दखल घेतली आणि मालिकेची प्रसिद्धी आणखी वाढली. टॅक्सीचालकांची बाजू अगदीच निराधार होती असे मात्र म्हणता येत नाही. भाड्याचे दर, गाडीमालकाला रोज द्यावी लागणारी रक्कम, जवळच्या फेरीत होणारा तोटा हे त्यांच्या जगण्याचे प्रश्न होते आणि प्रवाशाच्या बाजूने सांगितलेल्या गोष्टीत ते मावत नव्हते. रजनीची दृष्टी मध्यमवर्गीय ग्राहकाची होती. तिचे बळ त्यात होते, तशीच तिची मर्यादाही.

ग्राहक चळवळीशी संबंध

रजनी पडद्यावर अवतरली ती रिकाम्या भूमीवर नव्हे. महाराष्ट्रात ग्राहकांच्या हक्कांसाठी संघटित काम आधीपासून चालू होते. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने मुंबईत हजारो स्त्रियांना रस्त्यावर आणले. लाटणे हे त्या मोर्चांचे चिन्ह बनले. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातून ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. सभासदांनी गट करून थेट उत्पादकांकडून वा घाऊक बाजारातून माल घ्यायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा, या पद्धतीमुळे ती संस्था मुंबई परिसरातील अनेक घरांत पोहोचली. ‘रजनी’ने या चळवळीतील स्त्रीचा चेहरा राष्ट्रीय वाहिनीवर नेला. फरक एवढा की चळवळीतील स्त्री संघटनेसह उभी होती आणि मालिकेतील रजनी बहुतेक वेळा एकटी.

कायद्याच्या पातळीवरही हा काळ संक्रमणाचा होता. १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधात्मक व्यापारी व्यवहार कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती करून अनुचित व्यापारी प्रथांचा समावेश करण्यात आला. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा संमत झाला आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने जिल्हा, राज्य व राष्ट्रीय अशी तीन स्तरांवरील तक्रार निवारण यंत्रणा उभी केली. मूळ तरतुदीनुसार एक लाख रुपयांपर्यंतचे दावे जिल्हा पातळीवर, त्यापुढे दहा लाखांपर्यंतचे राज्य पातळीवर आणि त्याहून अधिक रकमेचे राष्ट्रीय आयोगापुढे चालवायचे होते. वकील न लावता सामान्य माणसाला स्वतः तक्रार मांडता यावी, हा या व्यवस्थेचा गाभा होता. २४ डिसेंबर हा दिवस भारतात राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. १९८६ चा कायदा पुढे २०१९ च्या नव्या कायद्याने बदलण्यात आला.

या कायद्याचे श्रेय कधी कधी ‘रजनी’ला दिले जाते. ती अतिशयोक्ती आहे. कायद्यामागे संघटनांचे अनेक वर्षांचे प्रयत्न होते आणि आंतरराष्ट्रीय पातळीवरही त्याला अनुकूल वातावरण होते. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्येच ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली होती. मात्र तक्रार करणे हा ग्राहकाचा हक्क आहे, ही कल्पना कायदा येण्यापूर्वी वर्षभर घरोघरी पोहोचवण्यात मालिकेचा वाटा होता, हे मान्य करावे लागते.

व्यक्तिरेखा आणि कलावंत

मालिकेच्या यशानंतर प्रिया तेंडुलकर जिथे जात, तिथे लोक त्यांना ‘रजनी’ म्हणूनच ओळखत. अनेक जण प्रत्यक्ष तक्रारी घेऊन त्यांच्याकडे येत. ‘रजनी’ हे विशेषनाम काही काळ सामान्यनामासारखे वापरले गेले. दुकानदाराशी वाद घालणाऱ्या बाईला ‘रजनी’ म्हटले जाऊ लागले. त्यात कधी कौतुक असे, तर कधी टोमणा.

एखाद्या नटीला अशी लोकप्रियता वरदान वाटेल. परंतु तिच्यासोबत अडचणही येते. वाईट, दुबळी किंवा संदिग्ध स्वभावाची स्त्री रंगवायला मिळणे अवघड होते. शिवाय पडद्यावर रजनीला मिळणारा न्याय लेखकाने लिहिलेला असे. प्रत्यक्षात मदत मागायला आलेल्या माणसासाठी कोणी तसा शेवट लिहून ठेवलेला नव्हता. पुढील काळात प्रिया यांनी स्वीकारलेल्या कामांकडे पाहिले, तर या प्रतिमेशी त्यांनी दोन प्रकारे व्यवहार केलेला दिसतो. चर्चा कार्यक्रमांत त्यांनी तिचा उपयोग करून घेतला आणि विनोदी मालिकेत तिच्यापासून पूर्ण फारकत घेतली.

नंतरच्या मालिका

विजय तेंडुलकर यांनी दूरचित्रवाणीसाठी लिहिलेल्या ‘स्वयंसिद्धा’ या मालिकेत प्रिया यांनी मुख्य भूमिका केली. त्याखेरीज ‘किस्से मियाँ बीवी के’ या मालिकेत त्या करण राजदान यांच्यासोबत दिसल्या.

झी टीव्हीवर १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘हम पांच’ या विनोदी मालिकेतील त्यांची भूमिका भारतीय दूरचित्रवाणीवरील सर्वांत चमत्कारिक भूमिकांपैकी एक म्हणावी लागेल. आनंद माथुर (अशोक सराफ) या पाच मुलींच्या बापाची पहिली पत्नी वारली आहे आणि भिंतीवर तिची तसबीर टांगलेली आहे. ही तसबीर नवऱ्याशी बोलते. मुलींच्या उचापती, दुसरी पत्नी बीना (शोमा आनंद) हिचे वागणे, नवऱ्याची त्रेधा यांवर ती चौकटीतून शेरे मारते. प्रिया तेंडुलकर यांनी ही भूमिका केली. नटीच्या हातून हालचाल काढून घेतली गेली होती; उरला होता तो चेहरा, आवाज आणि शब्द टाकण्याची वेळ. एवढ्या भांडवलावर त्यांनी ही स्त्री तिरकस, प्रेमळ आणि थोडी मत्सरी अशी उभी केली. मराठी चित्रपटांच्या काळापासून परिचित असलेल्या अशोक सराफ यांच्याशी त्यांच्या संवादांची लय उत्तम जुळली होती. ‘हयवदन’मधील बाहुलीप्रमाणेच ही तसबीरही घरातल्या घडामोडी न्याहाळून त्यांवर भाष्य करणारी होती. या मालिकेमुळे ‘रजनी’ न पाहिलेल्या नव्या पिढीला त्या माहीत झाल्या.

चर्चा कार्यक्रम

१९९० च्या दशकात उपग्रह वाहिन्यांबरोबर चर्चा कार्यक्रमांचा प्रकार भारतात रुजू लागला. प्रेक्षागारात सामान्य लोक, समोर काही पाहुणे आणि मधे फिरत प्रश्न विचारणारा सूत्रसंचालक, अशी त्याची मांडणी असे. ‘द प्रिया तेंडुलकर शो’ हा हिंदीतील या प्रकारच्या सुरुवातीच्या कार्यक्रमांपैकी एक. ‘जिम्मेदार कौन’ हा त्यांचा दुसरा कार्यक्रम. जबाबदारी कोणाची, हा रजनीचाच प्रश्न होता. आता तो एक नागरिक म्हणून प्रिया स्वतःच्या नावाने विचारीत होत्या.

सूत्रसंचालक म्हणून त्यांची पद्धत थेट होती. उत्तर टाळणाऱ्या पाहुण्याला त्या सहजासहजी सोडत नसत. वृत्तनिवेदनाच्या अनुभवामुळे कॅमेऱ्यासमोर त्या मोकळ्या असत आणि अभिनयामुळे आवाजावर ताबा होता. पुढे वृत्तवाहिन्यांवरील चर्चांना जो आरडाओरडीचा सूर लागला, त्याच्या तुलनेत हे कार्यक्रम बरेच संयत होते.

हिंदी चित्रपटांतील चरित्र भूमिका

या काळात त्यांना हिंदी व्यावसायिक चित्रपटांत मुख्यतः आईच्या भूमिका मिळाल्या. मुकुल आनंद दिग्दर्शित ‘त्रिमूर्ती’ (१९९५) मध्ये खोट्या आरोपाखाली तुरुंगात गेलेल्या पोलीस अधिकारी स्त्रीची भूमिका त्यांनी केली. जॅकी श्रॉफ, अनिल कपूर आणि शाहरुख खान हे तिचे मुलगे. यांपैकी अनिल कपूर आणि जॅकी श्रॉफ हे प्रिया यांच्यापेक्षा वयाने जेमतेम दोन-सव्वादोन वर्षांनी लहान. चाळिशीतल्या अभिनेत्रीसाठी व्यावसायिक हिंदी चित्रपटात त्या काळी कोणती जागा शिल्लक होती, हे या एका उदाहरणावरून कळते. राजीव राय यांच्या ‘गुप्त’ (१९९७) या गाजलेल्या रहस्यपटातही त्या नायकाच्या आईच्या भूमिकेत होत्या.

लेखन

अभिनयाची प्रसिद्धी इतकी मोठी होती की प्रिया तेंडुलकर यांच्या मराठी लेखनाकडे तुलनेने कमी लक्ष गेले. त्यांनी कथा व ललित लेखन केले. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ आणि ‘जन्मलेल्या प्रत्येकाला’ हे त्यांचे कथासंग्रह. ‘पंचतारांकित’ या पुस्तकाला हॉटेलमधील नोकरीच्या अनुभवांची पार्श्वभूमी आहे. १९७० च्या दशकात मध्यमवर्गीय मराठी घरातील मुलीने पंचतारांकित हॉटेलात नोकरी करणे ही सहज स्वीकारली जाणारी गोष्ट नव्हती, आणि मराठी वाङ्मयात त्या जगाचे आतून केलेले चित्रणही फारसे नव्हते.

‘जावे तिच्या वंशा’ या त्यांच्या पुस्तकाचे शीर्षक लक्ष वेधून घेते. दुसऱ्याचे दुःख त्याच्या जागी गेल्याशिवाय कळत नाही, या अर्थाच्या प्रचलित म्हणीतील ‘त्याच्या’ हा शब्द बदलून तेथे ‘तिच्या’ आला आहे. ‘असंही’ हे त्यांचे आणखी एक पुस्तक.

विजय तेंडुलकर यांची मुलगी म्हणून लेखन करणे सोपे नव्हते. मराठी वाचक तुलना करणार हे ठरलेलेच होते. प्रिया यांनी नाटकाचा प्रांत टाळून कथा आणि अनुभवकथन हे प्रकार निवडले. दूरचित्रवाणीवरची रजनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मिळवून परतते. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ हे कथासंग्रहाचे नाव मात्र उत्तर कोणी दुसरा देणार नाही, असेच सुचवते.

व्यक्तिगत जीवन आणि मृत्यू

प्रिया तेंडुलकर यांचा विवाह १९८८ मध्ये ‘रजनी’तील त्यांचे सहकलाकार व लेखक करण राजदान यांच्याशी झाला. १९९५ मध्ये ते विभक्त झाले.

अखेरच्या काही वर्षांत त्या स्तनाच्या कर्करोगाने आजारी होत्या. १९ सप्टेंबर २००२ रोजी मुंबईत प्रभादेवी येथील घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वयाची ४८ वर्षे पूर्ण होण्यास बरोबर एक महिना बाकी होता. वृत्तपत्रांतील मृत्युवार्तांमध्ये त्यांच्या नावाबरोबर ‘रजनी’चा उल्लेख होताच. विजय तेंडुलकर त्यानंतर साडेपाच वर्षांहून अधिक काळ हयात होते. १९ मे २००८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘रजनी’चे दिग्दर्शक बासू चॅटर्जी ४ जून २०२० रोजी मुंबईत निवर्तले.